चौकट आणि आशय : महाराष्ट्राशी निगडित लष्करी बोधचिन्हे

पलटणीचे बोधचिन्ह म्हणजे टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची खूण, निशाण आणि ब्रीद यांचा असा मेळ, की ज्यातून सैनिकाला आपले कूळ आणि परक्याला समोरच्या सैनिकाची ओळख एका नजरेत पटावी. या कलेची समीक्षा करताना दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात : चिन्हे ज्या ठरीव मांडणीत बसवली जातात ती चौकट, आणि त्या चौकटीत भरलेला आशय. महाराष्ट्राशी नाते असलेल्या पलटणींची आणि नौदलाची चिन्हे या कसोटीवर तपासली, तर स्वातंत्र्यानंतर आशय अनेकदा बदलला, चौकट मात्र क्वचितच बदलली, असे दिसून येते.

मराठेशाहीत फौजेची ओळख अंगावरच्या बिल्ल्यापेक्षा भगव्या झेंड्यात आणि जरीपटक्यात होती, तर सत्तेची दृश्य भाषा मुद्रांमधून आणि गडांच्या दरवाजांवरील शिल्पांतून बोलत होती. जुन्नर तालुक्यातील शिवनेरीच्या दरवाजावर शरभाची शिल्पे आहेत. शरभ हा सिंहासारख्या देहाचा काल्पनिक पशू असून दख्खनच्या गडांवर तो पुष्कळदा हत्तींना पंजांत जखडलेला दाखवला जातो. बलाढ्य शत्रूवरील वर्चस्व एका अक्षराच्याही मदतीवाचून सांगणारी आणि नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू येणारी ही आकृती उत्तम लष्करी चिन्हाचे सर्व गुण बाळगून आहे. नंतरच्या बोधचिन्हांनी या तयार भांडाराकडे जवळजवळ पाठच फिरवली.

त्याचे कारण इंग्रजी अमलात सापडते. वर राजमुकुट, मध्ये शस्त्र किंवा वाद्य आणि खाली पलटणीचे नाव लिहिलेली फीत, अशी त्रिस्तरीय मांडणी हिंदी पलटणींना तयार मिळाली. १७६८ पासून परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातील बिगुल याच मांडणीतला आहे. ‘लाइट इन्फंट्री’ म्हणजे मुख्य फळीच्या पुढे विखरून चपळाईने लढणारे पायदळ, ज्याला हुकूम ढोलावर न देता बिगुलावर दिले जात. पहिल्या अफगाण युद्धाच्या काळातील काहान आणि दादर येथील कामगिरीबद्दल १८४१ मध्ये हा मान मिळाला आणि बिगुल त्याची खूण ठरला. बिगुलाबरोबरची ढाल व तलवारी मराठी युद्धस्मृतीशी सहज जुळतात. तरीही रेजिमेंटचे मराठीपण चित्रापेक्षा शिवछत्रपतींच्या जयघोषात आणि १६७० च्या सिंहगड-विजयाची आठवण म्हणून ४ फेब्रुवारीला पाळल्या जाणाऱ्या रेजिमेंट दिनात अधिक ठळक आहे. प्रजासत्ताक आल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. राजकीय अर्थाने हा बदल मोठा होता. रचनेच्या अर्थाने मात्र तो एका अवयवाच्या जागी दुसरा बसवण्यापुरताच राहिला.

महार रेजिमेंटच्या चिन्हाचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ होता. भीमेच्या काठी १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईचे हे स्मारक असल्याने, सैन्यभरती नाकारल्या गेलेल्या समाजाच्या लढाऊ परंपरेचा पुरावाच त्या बिल्ल्यावर कोरला गेला होता. पुढे मशीनगन रेजिमेंट झाल्यावर स्तंभाशी दोन तिरक्या व्हिकर्स मशीनगन जोडल्या गेल्या, आणि नंतर स्तंभ काढून तेथे खंजीर आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या विजयाचे स्मारक राष्ट्रीय सैन्याच्या टोपीवर असावे का, हा प्रश्न रास्त होता. तथापि स्तंभ एका विशिष्ट समाजाची विशिष्ट घटना सांगत होता, तर खंजीर कोणत्याही पलटणीला चालेल असा आहे. चिन्ह निर्विवाद झाले, पण त्याच प्रमाणात ते मुके झाले.

याउलट परमवीरचक्राची रचना पाहता येते. ते पलटणीचे चिन्ह नसून शौर्यपदक आहे, पण आशयातून आकार कसा घडवावा याचा तो वस्तुपाठ आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून सावित्रीबाई झालेल्या चित्रकर्तीने त्यासाठी इंद्राचे वज्र निवडले. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेले वज्र आत्मबलिदानाची कथा स्वतःच सांगते. राजमुद्रेभोवती चार वज्रे मांडल्यावर पदकाला अर्थ समजावणाऱ्या ब्रीदाची गरज उरत नाही.

इंग्रजी अमलातून आलेल्या चौकटीचे काय करायचे, हा प्रश्न नौदलाच्या ध्वजाने सर्वांत उघडपणे हाताळला. २००१ मध्ये सेंट जॉर्जचा लाल क्रूस काढून निळे नौदलचिन्ह घेण्यात आले, परंतु तो निळा रंग आकाश व समुद्रात मिसळून जातो अशी तक्रार झाली आणि २००४ मध्ये क्रूस परतला. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे शिवछत्रपतींच्या अष्टकोनी राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला नवा ध्वज अनावृत झाला. येथे प्रथमच बाह्याकृती, म्हणजेच चौकट, देशी परंपरेतून आली आणि आठ दिशांचा अर्थ तिला स्वाभाविकपणे लाभला. मात्र दुहेरी सोनेरी कडांच्या त्या अष्टकोनात सिंह, नांगर, ढाल आणि ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद असे सारेच कोंबलेले आहे. वाऱ्यावर फडकणाऱ्या ध्वजावर दुरून अष्टकोन तेवढा उमटतो, आतला तपशील कागदावरच वाचता येतो. मूळ मुद्रेत मजकूर गर्दीने बसला, कारण ती हातात धरलेल्या कागदावर उमटायची होती. ध्वजाचे माध्यम ती सवलत देत नाही.

या कलेची आजची अडचण देशी प्रतीकांच्या तुटवड्याची नाही. शरभ, जरीपटका, मुद्रा आणि आरमारी नौका असा साठा हाताशी आहे. अडचण आहे ती एकाच चिन्हाकडून धर्म, राष्ट्र, इतिहास आणि शस्त्र या चारही गोष्टी वदवून घेण्याच्या सवयीची. कोणती एक गोष्ट सांगायची हे आधी ठरवून तिच्यातून आकार शोधला, की वज्रासारखी रचना जन्मते. जुन्या मांडणीत नवा तुकडा बसवला, की चिन्ह बदलते पण बोलत नाही. नौदलाने चौकट बदलण्याचे धाडस केले आहे. त्या चौकटीतली गर्दी कमी करणे हे पुढच्या रचनाकारांचे काम आहे, आणि पायदळाच्या बिल्ल्यांच्या बाबतीत तर ते काम चौकट आणि आशय अशा दोन्ही बाजूंनी अजून सुरू व्हायचे आहे.