नकाराचा कर्ता : गर्भपातविषयक कायद्यातील विवेकस्वातंत्र्याचा शब्दविचार

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस बालहत्येबद्दल १८८१ साली झालेली शिक्षा हे त्याचे निमित्त होते. दोषाचे वाक्य उच्चारताना समाज त्या वाक्याचा एक कर्ता पुढे आणतो व दुसरा लपवितो, हा त्या निबंधाचा मर्मभेदी आक्षेप होय. वऱ्हाडातून उठलेला हा आक्षेप आजच्या एका कायदेविषयक वादालाही लागू पडतो. गर्भपाताच्या कामी साहाय्य करण्यास वैद्याने वा परिचारिकेने विवेकबुद्धीच्या आधारे नकार द्यावा काय, आणि दिल्यास त्या नकारास कायद्याचे संरक्षण असावे काय, असा हा वाद आहे. सामान्यतः तो नीतिशास्त्राचा समजला जातो. परंतु ज्या शब्दांत तो मांडला जातो ते शब्द तपासल्यावाचून त्याचा निर्णय होणे कठीण आहे.

ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम आहे. ज्याची विवेकबुद्धी विरोध करते त्याच्यावर उपचारात ‘सहभागी होण्याचे’ बंधन नाही. मात्र विरोध खरा आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच आहे, आणि स्त्रीचा प्राण वाचविण्यासाठी किंवा तिला होऊ पाहणारी गंभीर व कायमची इजा टाळण्यासाठी जे अवश्य आहे त्यातून सुटका नाही. ‘सहभागी होणे’ म्हणजे काय, हा प्रश्न ग्लासगो येथील दोन सुईणींच्या दाव्यात उभा राहिला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असा निर्णय दिला की, प्रत्यक्ष उपचारास हात लावणे म्हणजे सहभाग. इतरांना कामे वाटून देणे व त्यांच्यावर देखरेख ठेवणे म्हणजे सहभाग नव्हे. एका क्रियापदाच्या अर्थव्याप्तीवर हक्काची सीमा ठरली.

भारतात असे कलमच नाही. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. त्यावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला व तो १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ३ ची वाक्यरचना लक्षणीय आहे. नोंदणीकृत वैद्यकाने कायद्यानुसार गर्भपात केला तर तो अपराधी ठरणार नाही, असे ते म्हणते. वाक्याचा कर्ता वैद्य आहे, विधेय अपराधाचा निषेध आहे, आणि स्त्री येते ती संमतीच्या उपवाक्यात. गर्भपात ‘करता येईल’ असा या कलमाचा एकूण भाव आहे. ‘करावा लागेल’ असा नाही. प्राणरक्षणासाठी तातडीच्या गर्भपातास मुभा देणारे कलम ५ देखील सवलतच देते, आज्ञा करीत नाही. संकटातील रुग्णास वाचविण्याचे कर्तव्य सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सांगितले, ते या कायद्याच्या बाहेर. सारांश, नकाराचा हक्क कोठेही लिहिलेला नसूनही नकाराला जागा मात्र भरपूर आहे.

ही जागा काही अंशी बुजविणारे एक वचन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत, गैरवर्तनाच्या प्रकरणात, आढळते. वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून वैद्याने गर्भपातास वा त्यातील साहाय्यास नकार देऊ नये. स्वतःस त्या कामी असमर्थ समजत असल्यास गोष्ट वेगळी, असा त्याचा आशय आहे. (२०२३ साली नवी नियमावली प्रसिद्ध झाली, परंतु ती त्याच महिन्यात स्थगित होऊन २००२ चेच नियम पुन्हा लागू करण्यात आले.) या वचनात दोन दोष आहेत. ‘केवळ धार्मिक’ या शब्दांमुळे धर्मनिरपेक्ष नैतिक विरोधाचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. नकाराचे एकच दार उघडे ठेवले आहे, ते असमर्थतेचे. ज्याला प्रामाणिकपणे ‘मी करणार नाही’ म्हणावयाचे आहे त्याला हा नियम ‘मला जमत नाही’ म्हणावयास शिकवितो. शिवाय नियम वैद्यांपुरता आहे. परिचारिका व इतर सेवक यांच्याविषयी त्यात एक शब्दही नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या मराठी पाठात ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ असा शब्दप्रयोग आहे. हिंदी पाठ ‘अंतःकरण’ हा शब्द वापरतो. दोहोंतील भेद केवळ शैलीचा नव्हे. अंतःकरण आत असते व मूक राहू शकते. विवेक म्हणजे सत् आणि असत् वेगळे करणे. ही क्रिया आहे, आणि क्रियेला कर्ता लागतो. हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे, हेही तेथेच लिहिले आहे.

आता नकाराचे नित्याचे मराठी वाक्य घ्यावे : ‘इथे होत नाही’. वऱ्हाडीत ‘अठी होत नाही’. ‘होणे’ या अकर्मक क्रियापदामुळे करणारा वाक्यातून नाहीसा होतो. साधन नाही, वैद्य नाही, परवाना नाही, की इच्छा नाही, यांतील काहीच कळत नाही. ऐकणारीला प्रतिप्रश्न करण्यास जागा उरत नाही; कारण प्रश्न विचारावयाचा तो कोणास? अमरावतीचे ‘डफरीन’ आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ही जिल्हा स्त्री रुग्णालये लोकांच्या तोंडी याच नावांनी रुळली आहेत. मेळघाटातील धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर आहे, आणि तेथील अनेक स्त्रियांची मातृभाषा कोरकू आहे, मराठी नव्हे. अशा स्त्रीस वाटेतल्या एखाद्या दवाखान्यात हे कर्तृहीन वाक्य ऐकावयास मिळाले व पुढे कोठे जावे हे सांगितले गेले नाही, तर वाया जातो तो केवळ एक दिवस नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका वैद्याचे मत पुरते; पुढे २४ आठवड्यांपर्यंत दोन वैद्यांचे मत लागते व तेही ठरावीक वर्गांतील स्त्रियांसाठीच. नकारात गेलेला काळ कायद्याच्या मोजपट्टीवर स्त्रीच्या खात्यात पडतो.

या वाक्याआड विवेकच असतो असेही नाही. गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्याची भीती, अविवाहितेविषयीचा तिरस्कार, कागदपत्रांचा कंटाळा, या सर्वांना तेच वाक्य पांघरूण घालते. वैद्य कायद्यात नसलेल्या अटी घालतात, कुटुंबाची संमती मागतात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात घेतली व अविवाहितेचा हक्क मान्य केला. विवेकाचा खरा अपमान येथे होतो. तो भीतीच्या व तुच्छतेच्या पंक्तीस बसविला जातो.

यावर दोन उपाय सुचविले जातात व दोन्ही अपुरे आहेत. वैद्याने नकार देऊच नये असे म्हणणारे हे विसरतात की, ज्याचा हात बळाने चालविला जातो त्याच्याकडून शुश्रूषेची अपेक्षा धरता येत नाही. आणि बंदी घातल्याने नकार थांबत नाही, तो निनावी होतो. उलट, विनाअट संरक्षण मागणारे हे विसरतात की, ज्या तालुक्यात वैद्य एकच आहे तेथे त्याचा विवेक हाच साऱ्या तालुक्याचा कायदा ठरेल.

आयर्लंडचे उदाहरण येथे उपयोगी पडते. बेळगावच्या सविता हलप्पनवार यांची गर्भपाताची विनंती, गर्भाचे हृदयस्पंदन चालू असल्याच्या कारणाने, तेथे अमान्य झाली व २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवे येथे जंतुदोषाने त्यांचा अंत झाला. तो नकार व्यक्तीच्या विवेकाचा नव्हता, त्या देशाच्या तत्कालीन कायद्याच्या छायेतला होता. त्या मृत्यूने लोकमत ढवळून निघाले. पुढे आलेल्या २०१८ च्या कायद्याने वैद्य, परिचारिका व सुईण यांना विवेकाधारित नकार मान्य केला, परंतु तातडीच्या प्रसंगी तो नाकारला आणि नकार देणाऱ्यावरच स्त्रीला दुसऱ्याकडे सोपविण्याची व्यवस्था करण्याचे कर्तव्य टाकले.

भारतीय कायद्यात विवेकाचे कलम यावयाचे असेल तर ते या आकाराचे असावे. नकार देणाऱ्याने प्रथमपुरुषी वाक्यात, स्त्रीला समजेल त्या भाषेत, ‘मी हे करणार नाही, अमुक ठिकाणी हे केले जाईल, आणि तेथे जाण्याची सोय ही अशी’ एवढे बोलण्याचे बंधन त्यात असावे, आणि प्राणसंकटात तेही वाक्य उच्चारण्याची मुभा नसावी. ज्या नकाराला कर्ता नाही त्याला विवेक म्हणता येणार नाही, आणि ज्याला विवेक म्हणता येत नाही त्याला संरक्षण मागण्याचा अधिकारही पोहोचत नाही.