उसन्या नायकांच्या कादंबऱ्या

दूरचित्रवाणीवरील एखाद्या मालिकेची पात्रे घेऊन लिहिलेल्या कादंबरीला साहित्याच्या पंगतीत सहसा पान मिळत नाही. नायक उसना, त्याचे जग उसने आणि वाचकही मालिकेने आयता जमवून दिलेला. मग लेखकाचे कर्तृत्व ते कोणते, असा प्रश्न समीक्षक विचारतात. त्यातून ती विज्ञानकथा असेल तर उपेक्षा दुहेरी. मराठीत प्रवाह बहुधा उलट दिशेने वाहिला. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव काय किंवा भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे काय, आधी पुस्तकात जन्मले आणि मग पडद्यावर गेले. तथापि आपली इंग्रजी शिकलेली मुले हा परका प्रकार आवडीने वाचतात. तेव्हा नाक मुरडण्यापूर्वी तो वाचून पाहावा, असे आम्हांस वाटले.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ या काळात ७९ भागांत प्रक्षेपित झाली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखविली. ‘एंटरप्राइझ’ हे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, तर्कनिष्ठ स्पॉक आणि तापट डॉक्टर मकॉय ही मंडळी अनेकांच्या स्मरणात असतील. जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकाराने १९६७ पासून मालिकेच्या भागांना कथारूप दिले आणि १९७० साली ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही त्याच पात्रांवरील स्वतंत्र कादंबरी लिहिली.

अशा लेखकावर एक कडक बंधन असते. पात्रे त्याच्या मालकीची नसतात. कप्तान घायाळ झाला तर शेवटच्या पानापर्यंत तो बरा व्हावाच लागतो. उसने भांडे जसे नेले तसे परत करावे लागते. पण बंधन म्हणजे कलेचा मृत्यू नव्हे. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडील गावांत जावे. तेथे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटके रंगतात. कथानक पुराणातले, शेवट सर्वांना ठाऊक. मात्र संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावर उभ्याउभ्या रचतो. पुढे काय होणार हे कळावे म्हणून रसिक जागत नाहीत. आज हा नट काय बोलतो, यासाठी जागतात. मालिकेवरील कादंबरीलाही हीच कसोटी लावावी. उसन्या पात्राच्या मुखातून लेखकाने काय वदविले?

ब्लिशने एक मोठा प्रश्न वदविला आहे. मालिकेतील माणसे एका यंत्राच्या साहाय्याने प्रवास करतात. यंत्र देह एके ठिकाणी विरवून दुसरीकडे पुन्हा साकारते. बाहेर पडणारा माणूस आत गेलेलाच असतो काय, आणि त्याच्या आत्म्याचे काय होते, अशी शंका डॉक्टर मकॉय कादंबरीच्या आरंभीच काढतो. संत थॉमस अक्विनास यांच्या शिकवणुकीप्रमाणे आत्मा हा देहात बसलेला प्रवासी नव्हे, तो देहाचे रूपतत्त्व आहे. म्हणून ही शंका आम्हांस पोरकट वाटत नाही. पुढे एका प्रयोगात एकाचे दोन स्पॉक होतात, आणि दोघांपैकी एकाने मेलेच पाहिजे, असे शीर्षकच बजावते. येथे लेखकाने हात आखडता घेतला आहे. दुसराही कोणी एक जीव आहे काय, हा प्रश्न मागे पडतो आणि खरा कोणता, एवढाच शोध उरतो. दुसरा स्पॉक विपरीत बुद्धीचा व शत्रूला सामील झालेला निघतो. त्याच्या मरणाचा नैतिक भार त्यामुळे साऱ्यांच्या खांद्यावरून अलगद उतरतो.

याच ब्लिशची ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ ही १९५८ची कादंबरी शेजारी ठेवावी. तिला १९५९ साली ह्यूगो पारितोषिक मिळाले. तिचा नायक येशूसंघीय जीवशास्त्रज्ञ फादर रुइझ-सांचेझ हा आहे. देव ठाऊक नसूनही निर्दोष जगणाऱ्या परग्रहवासीयांना पाहून तो ग्रह सैतानानेच निर्मिला असावा, अशा निष्कर्षाला तो येतो. आणि सैतानाला निर्मितीची शक्ती बहाल करताच स्वतः पाखंडात पडतो. हा धर्मगुरू चुकू शकतो, कारण तो ब्लिशचा स्वतःचा आहे. उसन्या नायकाला असे पडता येत नाही, म्हणून त्याला पश्चात्तापही नाही. या प्रकाराची खरी मर्यादा हीच.

ती ओलांडण्याची वाट जॉन एम. फोर्ड याने ‘द फायनल रिफ्लेक्शन’ या १९८४च्या कादंबरीत दाखविली. त्याने कर्कला उंबरठ्यावरच ठेवले. मुख्य कथा म्हणजे कर्क वाचीत असलेले एक पुस्तक. तिचा नायक क्रेन हा मालिकेतील नित्याच्या शत्रूंपैकी, म्हणजे क्लिंगॉन वंशाचा. हा अनाथ मुलगा एका खेळातील जिवंत सोंगटी म्हणून वाढतो, पुढे कप्तान होतो आणि युद्ध टाळण्यासाठी धडपडतो. पडद्यावर जो केवळ मारण्यासाठी होता, त्याला लेखकाने बालपण दिले. प्रभूने शत्रूवर प्रेम करण्यास सांगितले. त्या आज्ञेकडे जाणारी पहिली पायरी शत्रूलाही बालपण होते हे जाणणे, हीच नव्हे काय?

पुढील मालिकांनी क्लिंगॉन निराळे रंगविले आणि फोर्डचे पुस्तक अधिकृत कथेबाहेर राहिले. या भेदाचे आम्हांस नवल नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ साली पवित्र शास्त्रातील ग्रंथांची यादी निश्चित केली. ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ तिच्यात नाही. तरी पवित्र मरियेच्या मातापित्यांची आन्ना व योकिम ही नावे त्याच ग्रंथातून आपल्यापर्यंत आली, आणि २६ जुलैला आपण त्यांचा सण साजरा करतो. अर्थात तेथे सीमा श्रद्धेने आखली, येथे ती मालिकेच्या मालकांनी आखली आहे. दोहोंचे मोल एक नव्हे. पण यादीबाहेरचे ते सारे निष्फळ, हा निष्कर्ष मात्र दोन्हीकडे चुकीचा ठरतो.

तेव्हा आपल्या तरुणांनी या कादंबऱ्या खुशाल वाचाव्यात. फोर्ड आधी वाचावा. ब्लिशची दोन्ही पुस्तके जोडीने वाचावीत. आणि तो दुसरा स्पॉक मरतो तेव्हा कोणी हळहळले काय, हे पुस्तक मिटण्यापूर्वी स्वतःला विचारावे.