गडचिरोलीचा निबंध अलिबागेत वाचताना

लहान मुलांच्या आरोग्यावर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर १९९९ सालचा ‘लान्सेट’मधला एक निबंध तुम्हाला कुणीतरी वाचायला सांगितलेला असणारच. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा, नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याच्या प्रयोगाचा. गडचिरोलीतली ३९ गावं प्रयोगात, ४७ तुलनेसाठी. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला.

बहुतेक जण सारांश वाचून इथेच थांबतात. मग प्रस्तावात एक वाक्य येतं: ‘हे प्रारूप अलिबाग तालुक्यातील दुर्गम वाड्यांमध्ये राबवता येईल.’ मला बोलायचंय ते या वाक्याबद्दल.

आधी निबंधाबद्दल. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. जिथे संस्थेचं आधीपासून काम होतं, लोकांचा विश्वास होता, तिथे प्रयोग झाला. ही मर्यादा खरीच आहे, पण तेवढं बोट दाखवून परीक्षण संपवू नका. जन्म-मृत्यूंची नोंद दोन्हीकडे काटेकोर ठेवली होती. शिवाय जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. म्हणजे बाळं नेमकी कशामुळे वाचली याचा मागही निबंधात लागतो. नुसत्या एकूण आकड्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

आता ‘प्रारूप’ म्हणजे काय ते बघू. गावातलीच थोडी शिकलेली बाई बाळंतपणाला हजर असायची, बाळाचं वजन करायची, पुन्हा पुन्हा घरी जायची. संसर्गाची लक्षणं दिसली आणि घरचे बाळाला दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर ती स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची. तिचं काम नियमित तपासलं जायचं. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही कल्पना देशभर नेली तेव्हा आशाताईंकडे गृहभेटी आल्या: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हातात आलं नाही. त्यामागे कारणं असतीलही, सुरक्षिततेचा मुद्दा हलका नाही. पण मग ६२ वरून २५.५ हा आकडा आजच्या योजनेच्या नावावर कसा लिहायचा? भेटींचं वेळापत्रक सगळीकडे पोचलं. उपचार वाटेतच राहिला.

अलिबागेत अडचण आणखी वेगळी आहे. मांडव्याला लाँचमधून उतरणाऱ्याला हा तालुका दुर्गम वाटणारच नाही. जिल्हा रुग्णालय इथेच. रायगड पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात नाही, त्यामुळे ‘आदिवासी जिल्हे’ म्हणून निघणाऱ्या याद्यांत तो सहसा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात, आणि जिल्ह्यात पनवेलही आलं. त्या सरासरीत डोंगरउतारावरची कातकरी वाडी शोधून दाखवा! कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, आणि रायगडच्या वाड्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसा पाडायला निघून जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबरच असतात.

त्यामुळे इथे अंतर मोजायचं ते नुसतं किलोमीटरमध्ये नाही, महिन्यांतही. अंगणवाडीचा निकष लोकसंख्येवर ठरतो. आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३०० ते ८०० वस्तीमागे एक, त्याहून लहान वस्तीला मिनी अंगणवाडी. हा निकष माणसं एका जागी राहतात असं धरून चालतो. बाळंतीण तिसऱ्या आठवड्यात भट्टीवर गेली तर उरलेल्या भेटी कुणाच्या? वाडीच्या आशाताईंच्या, की भट्टी ज्या गावात आहे तिथल्या? राज्याने स्थलांतरितांच्या नोंदीसाठी संगणकप्रणाली सुरू केली आहे, आणि दिशा योग्य आहे. पण नोंद पुढच्या गावाला कळणं आणि बाळाचं वजन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक हिशेब करून बघा. समजा वाडीत वीस मुलं आहेत, त्यातली अकरा भट्टीवर गेली आणि यादीत नऊच उरली. नऊच्या नऊ जणांचं वजन झालं. अहवालात शंभर टक्के! कुणी खोटं लिहिलेलं नाही. छेदच बदललाय. तुम्ही पीएचडीसाठी हीच मासिक आकडेवारी उचलणार असाल, तर जी मुलं तुम्हाला शोधायची होती तीच तुमच्या नमुन्यातून बाहेर पडली. वर सेवा जितकी कमी पोचेल तितकी टक्केवारी सुधारलेली दिसण्याचा धोका.

म्हणून रायगडवर काम करणार असाल तर छेद स्वतः तयार करा. गणपतीच्या आसपास, कुटुंबं वाडीत असताना घरोघर यादी करा आणि त्याच यादीतल्या मुलांचा वर्षभर माग ठेवा, ती असतील तिथे. खर्च वाढेल, नमुना लहान होईल, मार्गदर्शक कुरकुरतील. चालेल. वीस मुलांचं पूर्ण वर्ष कळलं तर ते पाचशे मुलांच्या एका दिवसापेक्षा या प्रश्नाला जास्त उपयोगी आहे असं माझं मत आहे.

आणि प्रस्तावाच्या वेळापत्रकात ‘क्षेत्रकार्य: डिसेंबर ते मार्च’ असं लिहिलं असेल, तर ते आजच बदला. तेव्हा वाडीत बरीच दारं बंद असतात. भट्टीवर जायचं तर तिथला मालक मध्ये येतो, आणि कुटुंबाने त्याच्याकडून उचल घेतलेली असते. त्याच्यासमोर आईने दिलेली संमती मोकळेपणाची कशी मानायची, याचं उत्तर नैतिकता समितीच्या अर्जात आधी लिहावं लागेल. त्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहू नका.