एका फोनने मिटणारा विरह

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर दिलं आहे.)

'आजची प्रेमकादंबरी' असा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी मला विचारलं, "तुम्ही हे वाचता?" त्या 'हे'वर जो जोर होता ना, त्यावरच खरं तर अर्धा तास बोलता येईल. (हशा) तर हो, वाचते. पूर्वी लपवून वाचायचे, अभ्यासाच्या पुस्तकात घालून. आता वय झालं, लपवायचं कारण उरलं नाही.

आधी एक प्रसंग सांगते. एका कॉलेजात कादंबरीवर बोलायला गेले होते. भाषण संपलं, चहा झाला, सगळे पांगले आणि एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, अशी एखादी मराठी कादंबरी सांगा ना, ज्यात दोघं वेगळ्या जातीची आहेत, लग्न करतात, आणि शेवटी दोघंही जिवंत असतात." मला चटकन नाव सुचलं नाही. "आठवून कळवते" म्हटलं आणि नंबर घेतला. बसमध्ये बसल्यावर मला माझीच लाज वाटायला लागली. इतकी वर्षं वाचतेय आणि एका साध्या मागणीला उत्तर नाही! आज जे बोलणार आहे ते त्या बसमध्येच सुरू झालं.

प्रेमकादंबरीवर पहिला आक्षेप नेहमीचा: शेवट आधीच माहीत असतो. बरोबर आहे. इंग्रजीत ज्याला 'रोमान्स' म्हणतात त्या प्रकाराची अटच तशी आहे. प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. हा लेखक आणि वाचक यांच्यातला करार आहे. पण शेवट माहीत असणं हा दोष कधीपासून झाला? 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आलं. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे तेव्हाही पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. तरी लोक रात्र रात्र बसले, पिढ्यान्पिढ्या बसले. का? तर बलरामदादांनी दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, मोठ्या भावाचा शब्द मोडायचा नाही, आणि तरी हे लग्न घडवायचंय. हे कसं जमणार, ते बघायला. तिथला कृष्ण म्हणजे चक्क रोमान्स-लेखक आहे बरं का! शेवट त्याला ठाऊक आहे, आणि मधली गंमत तोच घडवतो.

म्हणून मी दोघं एकत्र येणार का, हे विचारत नाही. दोघांना दूर काय ठेवतंय, हे विचारते. आणि त्यासाठी माझी एक घरगुती कसोटी आहे. यांच्यापैकी एकानं दुसऱ्याला एक फोन केला आणि दहा मिनिटं नीट बोललं, तर हा विरह संपेल का? संपणार असेल तर अडथळा खोटा. मग भाषा कितीही गोड असो, मी पुस्तक खाली ठेवते. म्हणजे ठेवत नाही, वाचून संपवते, पण मनात नापास केलेलं असतं. (हशा)

आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी कादंबरीच्या तंत्राचा फार गांभीर्यानं विचार केला. १९३१ सालचं 'प्रतिभासाधन' आजही काढून बघण्यासारखं आहे. पण त्यांच्या पुष्कळ प्रेमकथा या कसोटीवर गडगडतात. तो तिला कुणाबरोबर तरी बघतो, ती काहीतरी अर्धवट ऐकते, दोघंही मानी, की झालं, शंभर पानं पुढे. शिवाय एकाच वर्गातली, एकाच पेठेत शोभतील अशी माणसं. यांच्या लग्नाला खरी हरकत कुणाचीच नाही, म्हणून लेखकाला हरकत तयार करावी लागते. गैरसमज हा बिनभांडवली अडथळा आहे.

आता आजच्या पुस्तकांकडे येऊ. कोलीन हूवरचं 'इट एंड्स विथ अस' २०१६ चं. चारेक वर्षांनी समाजमाध्यमांवरच्या वाचणाऱ्या मुलींनी ते उचललं आणि आज आपल्या स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरही ते दिसतं. मुखपृष्ठावर फुलं आहेत, त्यामुळे गोड असेल असं समजून घेतलं तर फसाल. लिली नावाची फुलांचं दुकान काढणारी मुलगी, राइल नावाचा न्यूरोसर्जन. देखणा, हुशार, आणि मारणारा. लहानपणी तिनं बापाला आईवर हात उगारताना पाहिलंय. गद्य कच्चं आहे, हे आधीच सांगते. डायरीचा भाग तर टीव्हीवरच्या एका निवेदिकेला उद्देशून लिहिलाय. पण लेखिकेनं एक गोष्ट अचूक केली. आधी वाचकालाच राइलच्या प्रेमात पाडलं. मग पहिल्यांदा हात उठतो तेव्हा लिलीच्या बरोबरीनं आपणही सबबी शोधायला लागतो. चुकून लागलं, फार ताण होता, पुन्हा नाही करणार. 'अशी बाई निघून का जात नाही' असं सहज विचारणाऱ्या माणसाला आपलीच जीभ चावावी लागते. इथे माझी फोनची कसोटी उलटी लागू पडते. राइल फोन करतो, माफी मागतो, बोलतोही छान. बोलण्यानं मिटत नाही अशीच ही गोष्ट आहे.

ती त्याला सोडते, मुलगी झाल्यावर. इथपर्यंत मी लेखिकेच्या बाजूनं. पण तिनं लिलीचं जाणं फार स्वस्त केलंय. स्वतःचं दुकान चालतंय, आई पाठीशी, नणंद तिच्या बाजूनं आणि श्रीमंत. शिवाय पहिला प्रियकर अ‍ॅटलस, एकेकाळी डोक्यावर छप्पर नसलेला मुलगा, आता स्वतःचं रेस्टॉरंट काढून तयार! आपल्या ओळखीतल्या ज्या बाया परत नवऱ्याकडे गेल्या, त्यांना यातलं काय होतं? माहेरच्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली. ती रिक्षा या पुस्तकात नाही.

एमिली हेन्री ही जास्त कसबी लेखिका. 'बीच रीड'मध्ये एक रोमान्स लिहिणारी आणि एक 'गंभीर' कादंबऱ्या लिहिणारा शेजारी राहायला येतात आणि पैज लावतात की एकमेकांच्या प्रकारात लिहायचं. कल्पना चतुर आहे. पण त्यातला चांगला भाग पैजेचा नाही. ज्या वडिलांच्या संसाराकडे बघून नायिका प्रेमकथा लिहायला शिकली, त्यांचं बाहेर एक प्रकरण होतं, हे ती त्यांच्या मृत्यूनंतर शिकते. आता कोणत्या तोंडानं सुखान्त लिहायचा? हा खरा अडथळा. दुर्दैवानं शेवटाकडे लेखिकेला सूत्र आठवतं आणि नायकाची पूर्वीची बायको दारात उभी राहते. तीन-चतुर्थांश पुस्तक झालं की भांडण आलंच पाहिजे, असा जणू कायदा आहे. चिवड्यात शेंगदाणा यावा तसं येतं. (हशा)

तिचंच 'बुक लव्हर्स' मला जास्त आवडलं. कारण त्यातला मुलगा गावाकडे अडकलाय तो आजारी वडील आणि घरचं पुस्तकांचं दुकान यांच्यामुळे, आणि मुलीचं सगळं काम न्यूयॉर्कमध्ये. फोन करून काय होणार? दोघंही बरोबर आहेत. दोघंही बरोबर असतात तेव्हा कादंबरी सुरू होते. मात्र शेवटी दुकान सांभाळायला नायिकेची बहीणच पुढे येते, हे जरा 'आयतं' झालं.

आता सॅली रूनी. 'नॉर्मल पीपल', २०१८. हिला रोमान्स म्हणावं की नाही, यावर वाद घालू नका, वेळ जाईल. कॉनेल आणि मॅरिअन, आयर्लंडच्या एका छोट्या गावातले. कॉनेलची आई मॅरिअनच्या घरी साफसफाई करते. पुढे दोघंही डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजात शिकायला जातात. एका उन्हाळ्यात कॉनेलकडे खोलीचं भाडं द्यायला पैसे नाहीत. मॅरिअनच्या घरी राहू का, एवढंच विचारायचंय. ती 'हो' म्हणणार हे वाचकाला शंभर टक्के माहीत आहे. आणि त्याला ते विचारता येत नाही. तो गावी जातो म्हणतो, तिला वाटतं याला आपण नको आहोत, आणि संबंध तुटतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे तर तुमच्या कसोटीवर नापास. एक वाक्य बोलला असता तर! मीही पहिल्या वाचनात चिडले होते, पुस्तक आपटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की माझी कसोटीच अपुरी आहे. ज्या घरात आपली आई फरशी पुसते त्या घरच्या मुलीकडे राहायला जागा मागणं, हे एक वाक्य नाही. त्याच्या घशात वर्ग अडकलाय. फडक्यांच्या नायकाला मान असतो, तो बोलत नाही. कॉनेलला भूक आणि लाज असते, तो बोलूच शकत नाही. वरून दोन्ही सारखंच दिसतं, एक फोन न केलेला. म्हणून आता मी कसोटी अशी विचारते की फोन का केला नाही, आणि ते 'का' पुस्तकाबाहेरच्या जगातून आलंय की लेखकाच्या सोयीतून?

तिच्या 'इंटरमेझो'बद्दल, २०२४, थोडक्यात सांगते. बुद्धिबळ खेळणारा बावीस वर्षांचा आयव्हन आणि छत्तीस वर्षांची मार्गारेट, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. नवरा दारूडा, तरी गावाची सहानुभूती त्यालाच. मार्गारेट प्रत्येक वेळी गाडी कुठे लावली, कुणी बघितलं का, याचा विचार करते. 'लोक काय म्हणतील' हे आपलं राष्ट्रगीत आहे अशी माझी समजूत होती. आयरिश लोकही ते उभं राहून म्हणतात.

आणि मग पेरुमाल मुरुगन. तमिळ कादंबरी, 'पूक्कुळी', २०१३, इंग्रजीत 'पायर'. सोड्याच्या दुकानात काम करणारा कुमारेसन आणि त्याची सरोजा. लग्न करून ती त्याच्या गावी येतात. रोमान्स जिथे संपतो तिथे ही कादंबरी सुरू होते. सरोजाची जात लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. गावाला ती 'आपली नाही' एवढंच पुरतं. सासू दारात बसून जिवंत मुलाच्या नावानं मर्तिकाचं रडगाणं गाते, दिवसचे दिवस. शेवट आगीत आहे. पुस्तक मोठं आहे, यात मला शंका नाही. पण ते संपवल्यावर मला कॉलेजातली ती मुलगी आठवली. तिला मी हे पुस्तक द्यायचं? तिला हे ठाऊक नाही का? 'सैराट' २०१६ ला आला तेव्हा ती शाळेत असेल. शेवटची ती पावलं तिच्याही डोळ्यांसमोर असणारच.

म्हणजे आपल्याकडे वाटणी झाली आहे बघा. ज्यांनी सुखान्त लिहिले त्यांनी खरा अडथळा वगळला. आडनावं जुळतील अशीच निवडली. आणि ज्यांनी खरा अडथळा घेतला त्यांनी शेवटी चिता पेटवली. खरा अडथळा आणि खरं जगणं एकाच पुस्तकात, ही जागा जवळपास रिकामी आहे.

त्या जागेच्या शेजारी एक मराठी पुस्तक मात्र उभं आहे. सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू', २००६. पुण्यातलं घर, भाऊ तनय, बहीण अनुजा, आणि घरात आलेला एक पेइंग गेस्ट. दोघंही त्याच्यावर प्रेम करतात. तो दोघांनाही सोडून जातो. बहिणीचं दुःख घराला कळतं, तिच्यावर उपचार होतात, काळजी होते. भावाचं दुःख दुःख म्हणून मोजलंच जात नाही. तो त्याच टेबलावर जेवतो. तनयनं फोन कुणाला करायचा? हे २००६ सालचं आहे, कलम ३७७ बद्दलचा निकाल यायला अजून बारा वर्षं होती. कुंडलकर कुठेही भाषण देत नाहीत, आणि दोघंही मुलं पुस्तकाच्या शेवटी जिवंत असतात, घराबाहेर पडायच्या वाटेवर असतात. मला ते फार वाटलं.

प्रश्न : आंतरजातीय लग्नाचा सुखान्त दाखवणं म्हणजे वास्तवाशी प्रतारणा नाही का? तो खोटा दिलासा होईल.

तुमच्या सोसायटीत असं एकही जोडपं नाही? आहे ना? ते वास्तवात नाही का? (हशा) बाबासाहेबांनी १९३६ मध्येच आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय म्हटलं होतं, आणि असे संसार आपल्याकडे चालू आहेत. ते गोड आहेत असं मी म्हणत नाही. नैवेद्याच्या दिवशी मटण शिजवायचं का, सासूनं दिलेला पितळी देव ठेवायचा की बाबासाहेबांचा फोटो, की दोन्ही, आणि कुणाच्या शेजारी? मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर जातीच्या रकान्यात काय लिहायचं? बहिणीच्या लग्नात आपल्याला बोलावलं, पण फोटोत बोलावलं का? हा सगळा कादंबरीचा कच्चा माल आहे आणि तो पडून आहे.

आणि अडथळाच हवा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा घ्या. नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, आणि ३० दिवस थांबायचं. तीस दिवस! त्या भिंतीवर दोघांची नावं, पत्ते. कुणीही येऊन वाचू शकतो. मामा वाचेल, शेजारचा एजंट वाचेल. रोज सकाळी उठायचं, ऑफिसला जायचं, घरी काही दाखवायचं नाही, आणि दिवस मोजायचे. एमिली हेन्रीला हे दिलं तर ती आनंदानं वेडी होईल. शेवट माहीत असू दे, एकतिसाव्या दिवशी दोघं सही करणार हे पहिल्या पानावर सांगून टाका. तरी मी रात्रभर जागून वाचेन.

त्या मुलीला काय कळवलं, ते राहिलं. मी तिला 'कोबाल्ट ब्लू' सुचवलं, आणि वर शहाणपणा करून लिहिलं की सुखान्तच हवा असेल तर 'सौभद्र' वाच, आपला पहिल्या प्रतीचा रोमान्स आहे तो. तासाभरात तिचा मेसेज आला : "मॅडम, पण सुभद्रा त्याची मामेबहीण ना?"

बरोबर आहे तिचं. यादी अजून उघडी आहे. तुमच्यापैकी कुणाला नाव आठवलं तर जाताना मला सांगून जा, तिचा नंबर माझ्याकडे आहे.