होम्सचा खरा वारस कोण?

साक्षीदाराच्या दोन जबान्यांत तफावत सापडली की वकिलास आनंद होतो, आणि भक्त कावराबावरा होतो. शेरलॉक होम्सच्या भक्तांची रीत मात्र निराळी. डॉ. वॉटसनला युद्धात लागलेली गोळी १८८७ च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये खांद्यात आहे, १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये ती पायात उतरली आहे. कॉनन डॉईल विसरले, असे म्हणून सामान्य वाचक पान उलटतो. भक्त म्हणतो, होम्स खरा, वॉटसन खरा, डॉईल हे केवळ मध्यस्थ. तेव्हा उलगडा झालाच पाहिजे!

रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ साली या खेळास वळण दिले. बायबलच्या चिकित्सकांची थट्टा करण्यासाठी त्यांनी होम्सकथांची तशीच चिकित्सा केली, आणि थट्टेचा संप्रदाय झाला. १९३४ साली न्यूयॉर्क येथे क्रिस्टोफर मॉर्ले यांनी ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ ही मंडळी उभी केली. हा पोरखेळ नव्हे, असे आमचे मत आहे. गंभीर चेहऱ्याने केलेल्या या विनोदामागे संहिता अक्षरशः वाचण्याची शिस्त आहे.

मॉफट व गॅटिस यांच्या ‘शेरलॉक’ या २०१० च्या मालिकेचे यश याच शिस्तीचे. त्यांचा वॉटसन लंगडतो, पण जखम खांद्यास; लंगडेपण मनाचे. डॉईल यांची चूक येथे व्यक्तिरेखेचे मर्म होते. रूपांतर असावे ते असे.

परंतु २०१४ च्या जानेवारीत हीच मालिका घसरली. उंचावरून पडलेला होम्स वाचला कसा, याविषयी चाहत्यांचे तर्कच तिने पडद्यावर मांडले. होम्सच्या तोंडचा खुलासाही संशयास्पद ठेवला. १९०३ साली डॉईल यांनी होम्सला परत आणले तेव्हा त्यांचा खुलासा लंगडा होता खरा, पण तो खुलासा होता. रहस्यकथेने पुरावा मांडून निकाल राखून ठेवणे, ही आमच्या मते वाचकाची वंचना होय.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने लेस्ली क्लिंगर यांच्या बाजूने निर्णय दिला. क्लिंगर स्वतः वकील, आणि इर्रेग्युलर्सपैकी एक. अखेरच्या कथांपर्यंत होम्सचे व्यक्तिमत्त्व पूर्ण झालेच नव्हते, सबब जुन्या कथांतील होम्सवरही आमचा हक्क आहे, हे डॉईल यांच्या वारसांचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही.

कायद्याने होम्स सर्वांचा झाला, हे योग्यच झाले. पण जो सर्वांचा, त्याची राखण कोणी करावयाची? ज्याने वॉटसनची जखम दोनदा तपासून पाहिली, त्यानेच. चाहत्याचे लाड पुरविणाऱ्यापेक्षा त्याच्याइतके बारकाईने वाचणारा रूपांतरकारच होम्सचा खरा वारस ठरतो.