मोकळा नकाशा, बांधलेला काळ

जुनी शहरं उभी करण्यात व्हिडिओ गेमनं मारलेली मजल थक्क करणारी आहे. २००७ साली युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड’नं ११९१ मधलं जेरुसलेम आणि दमास्कस खेळाडूच्या हाती दिलं. मनोऱ्यावर चढायचं, चौफेर नजर टाकायची की नकाशा उघडतो, हा शिरस्ताही तिथूनच रुळला. पुढे या मालिकेनं फ्लॉरेन्स, पॅरिस, अलेक्झांड्रिया, अथेन्स, बगदाद अशी मुलूखगिरी केली. सिनेमा आपल्याला दाखवेल तेवढंच दाखवतो. इथे मात्र वाटेल त्या गल्लीत शिरता येतं, वाटेल त्या छपरावर बसून राहता येतं.

अडचण या मोकळीकीतच आहे. ओपन वर्ल्ड खेळाचं वचन असतं: कुठेही जा, काहीही कर. इतिहासात माणसाचं जगणं ठरत आलं ते नेमकं याच्या उलट गोष्टींनी. कुणाला कुठे मज्जाव होता, कुणाला वाचता येत नव्हतं, धान्य महागल्यावर कोण उपाशी राहिलं, यांनी. या खेळांनी जुन्या काळाच्या भिंती उभ्या केल्या, पण त्या काळाची अडवणूक बहुतेकांनी वगळली.

‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ (२०१४) हे ठळक उदाहरण. यातलं क्रांतिकाळातलं पॅरिस अजूनही डोळे दिपवतं. नोत्र दामवर दिसणारा टोकदार मनोरा एकोणिसाव्या शतकात वास्तुकार व्हियोले-ल्-द्यूकनं चढवलेल्या मनोऱ्यासारखा आहे, म्हणजे काळाशी विसंगत. पण ही चूक किरकोळ. खरी उणीव गर्दीत आहे. शेकडो माणसं रस्त्यावर घोषणा देतात, आणि ज्या पावाच्या महागाईनं पॅरिस पेटलं, तो पाव आपल्या नायकाला एकदाही विकत घ्यावा लागत नाही. त्याचे पैसे तलवारी आणि अंगरख्यांवर खर्च होतात. क्रांती त्याच्या मागे पडद्यासारखी हलत राहते.

याच मालिकेतल्या ‘ओरिजिन्स’नं (२०१७) टॉलेमींच्या काळातला इजिप्त उभा केला. पुढच्या वर्षी त्याला ‘डिस्कव्हरी टूर’ची जोड मिळाली: लढाई नाही, मिशन नाही, फक्त फिरायचं आणि माहिती ऐकायची. तिथल्या शाळेत मुलं-मुली एकत्र शिकताना दिसतात, आणि हे त्या काळाला धरून नाही हे निर्मात्यांनी टूरमध्येच मान्य केलं आहे. हा प्रामाणिकपणा आवडतो. पण मुलीला शाळेत बसवणं सोपं. तिला दारातच अडवलं असतं तर तिनं काय केलं असतं, हा प्रसंग खेळातून निसटला.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ (२०२०) वेगळ्या वाटेनं जातो. साल १२७४, जपानच्या बेटावर मंगोलांची स्वारी. नायक हायकू रचतो, पण हायकूचं युग कित्येक शतकं पुढचं. खेळात दिग्दर्शक कुरोसावांच्या नावानं कृष्णधवल दृश्यांची सोय आहे, म्हणजे आपण इतिहासापेक्षा सामुराईपटांचे वारस आहोत हे तो लपवत नाही. दिशा दाखवायला बाणाऐवजी वाऱ्याची झुळूक येते, ही कल्पना तर अफलातून. खेळाडूची नजर कोपऱ्यातल्या नकाशावरून उठून गवतावर जाते. तरीही तळाशी रचना जुनीच: ठाणी मोकळी करा, खुणा पुसा, पुढे चला.

मग येतो ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८). वॉरहॉर्स या चेक स्टुडिओनं १४०३ मधला बोहेमिया निवडला आणि नायक म्हणून लोहाराचा पोरगा, हेन्री. त्याला तलवार नीट धरता येत नाही. दोन गुंड भेटले तर पळ काढणंच शहाणपणाचं. त्याला वाचता येत नाही, म्हणून पुस्तक उघडलं की अक्षरं उलटसुलट दिसतात. लेखनिकाकडे शिकल्यावर ती हळूहळू जागेवर येतात. साक्षर होणं म्हणजे काय, हे कुठल्याही निवेदनापेक्षा त्या पानावर अधिक कळतं. कपडे मळलेले असले तर माणसं तुसडेपणानं बोलतात. जवळचं अन्न नासतं. खेळ हवा तिथे सेव्ह करायचा तर एक खास मद्य लागतं, ते विकत घ्या किंवा गाळा. प्रकाशनाच्या वेळी हा खेळ तांत्रिक दोषांनी बुजबुजलेला होता आणि या जाचाला अनेक खेळाडू वैतागले. पण त्या जाचातच त्याचा इतिहास आहे. राजे-सरदारांच्या लढाईत सामान्य पोराचा आवाका केवढा, हे बोटांना कळतं. बाईचा आवाका मात्र मूळ खेळात जवळपास नव्हताच. तेरेझा या स्त्रीपात्राची बाजू २०१९ च्या जोडभागात आली.

२०२५ चा ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या दिशेनं अर्धं पाऊल टाकतो. यातल्या दोन नायकांपैकी नाओए भिंतीवर सहज चढते, पण समोरासमोरच्या झुंजीत कमी पडते. यासुकेचं अगदी उलट. एकच किल्ला दोघांना दोन तऱ्हेचा भासतो. मात्र हा फरक शरीराचा. समाजाचा फरक अजून वरवरचाच आहे.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं ‘राजी’ (२०२०) केला, पण तो ओपन वर्ल्डही नाही आणि इतिहासही सांगत नाही. उद्या कुणी सतराव्या शतकातला सह्याद्री उभा करेलच. कडे, बुरूज, धुकं हे सगळं तंत्र सहज देईल. पण हिरकणीच्या आख्यायिकेचा थरार कड्यात नाही, गडाच्या बंद दरवाजात आहे. प्रत्येक भिंत चढता येणाऱ्या खेळात ती गोष्ट घडूच शकत नाही. त्या सह्याद्रीत पाटलाला आणि महाराला एकाच विहिरीवर सारखंच पाणी मिळालं, तर खेळ देखणा असेल, सतराव्या शतकाचा नसेल. म्हणून अशा खेळाचं परीक्षण करताना नकाशा किती मैलांचा, हे नंतर विचारावं. आधी विचारावं, यात कुणाला काय करता येत नाही.