एकाच कड्यावरची दोन नावे

इंग्रजीत गालिचा ‘पर्शियन’ असतो, मांजर ‘पर्शियन’ असते, लघुचित्रे आणि गझलाही ‘पर्शियन’. क्रांती मात्र ‘इराणियन’ होते, निर्बंध ‘इराणियन’ बँकांवर येतात आणि अणुकार्यक्रमही ‘इराणियन’च. जे सुंदर आणि जुने ते एका नावाच्या वाट्याला आले, जे आजचे आणि तापलेले ते दुसऱ्याच्या. 1979 च्या क्रांतीनंतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक इराण्यांनी आपली ओळख ‘पर्शियन’ अशी सांगायला सुरुवात केली, त्यामागेही हीच वाटणी होती. मग यातले खरे नाव कोणते? या दोन शब्दांचा सर्वांत सुंदर पाठ मला कोणत्याही शब्दकोशात आढळत नाही. तो इराणच्या फार्स प्रांतातल्या एका कड्यावर कोरलेला आहे.

पर्सेपोलिसच्या अवशेषांपासून थोड्याच अंतरावर नक्श-ए-रुस्तम आहे. सरळ उभ्या कातळात, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, क्रूसाच्या आकारात खोदलेल्या चार राजकबरी. त्यांच्या खाली, माणसाच्या नजरेच्या टप्प्यात, ससानी राजांची भव्य शिल्पे. समोर एक चौकोनी दगडी मनोरा. एका नजरेत मावणाऱ्या या जागेत साडेसातशे वर्षांच्या अंतराने कोरलेले शब्द एकमेकांच्या शेजारी आहेत.

वरच्या कबरींपैकी एक पहिल्या दारयवहूची, म्हणजे डरायसची. तो इसवी सनपूर्व 486 मध्ये वारला. कबरीवरचा लेख प्राचीन फारसी, एलामी आणि बाबिली अशा तीन भाषांत आहे. त्यात राजा आधी आपली बिरुदे सांगतो आणि मग वळतो स्वतःकडे: विश्तास्पाचा मुलगा, हखामनी कुळाचा, पार्स, पार्साचा पुत्र, आर्य, आर्य वंशाचा. ज्या दोन नावांवरून आज वाद घालतात ती दोन्ही या एका वाक्यात लागोपाठ आली आहेत. ‘पार्स’, म्हणजे आजचा फार्स, हे पर्शियनचे मूळ. ‘आर्य’ या शब्दाच्या षष्ठीच्या अनेकवचनातून, म्हणजे ‘आर्यांचा’ या अर्थाच्या रूपातून, पुढे ‘एरान’ आणि ‘इराण’ घडले. युरोपने या शब्दाला नंतर वंशश्रेष्ठत्वाचा जो विषारी अर्थ चिकटवला, तो इथे शोधू नये. इथे हे एका मोठ्या समूहाने स्वतःला दिलेले नाव आहे.

या वाक्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. पूजेच्या संकल्पात आपण जंबुद्वीपापासून निघून भरतवर्षात, मग नदीच्या तीरावर आणि शेवटी स्वतःच्या गोत्रापर्यंत येतो. डरायस उलट्या वाटेने जातो. बाप, कूळ, पार्स, आर्य: प्रत्येक पावलागणिक वर्तुळ मोठे होते आणि आधीचे वर्तुळ पुसले जात नाही. शब्दांची दुहेरी बांधणीही मुद्दाम केलेली आहे. पार्स आणि पार्साचा पुत्र, आर्य आणि आर्य वंशाचा. प्रत्येक नाव दोनदा ठोकून पक्के केले आहे, आणि दोन्हींना सारखाच ठोका मिळाला आहे. राजाला यांतून एक निवडावेसे वाटलेले नाही.

लगेच पुढे येते जिंकलेल्या देशांची यादी. तिचे शीर्षवाक्यच सांगते की हे देश पार्सच्या बाहेरचे आहेत. माद, एलाम, पार्थिया, बाख्त्रिया, सुग्द, गांधार, हिंदुश अशी नावे येत जातात. पार्स त्या यादीत नाही, कारण पार्स हे यादी करणाऱ्याचे घर. पुढे लेख वाचकाला सांगतो, की डरायसचे देश किती असा प्रश्न पडला तर सिंहासन उचलून धरणाऱ्यांची शिल्पे पाहा, म्हणजे पार्स माणसाचा भाला किती दूरवर गेला ते कळेल. वाचक मान वर करून पाहतो. राजा धनुष्य हाती घेऊन अग्निवेदीपुढे उभा आहे आणि तो उभा असलेले भव्य आसन तीस माणसे हातांवर तोलून धरत आहेत. प्रत्येकाचा पेहराव वेगळा. आणि या तीस जणांत पहिला आहे खुद्द पार्स! शब्दांनी ज्याला यादीबाहेर ठेवले, त्याला शिल्पकाराने इतरांच्या ओळीत उभे करून खांदा द्यायला लावला आहे. लेखातला पार्स धनी आहे, शिल्पातला पार्स अनेकांपैकी एक आहे. ‘पर्शियन’ शब्दातला सगळा ताण या कातळावर आधीच दिसतो. तो राज्य करणाऱ्यांचेही नाव आहे आणि अनेक जनसमूहांतल्या एकाचेही.

बेहिस्तूनच्या कड्यावर याच राजाने आपल्या लेखाच्या भाषेचाही उल्लेख केला आहे आणि तिथे तो, बहुतेक अभ्यासकांच्या मते, तिला ‘आर्य’ म्हणतो. ज्या भाषेला आज सारे जग प्राचीन पर्शियन म्हणते, तिचे नाव तिच्या राजाच्या तोंडी मोठ्या वर्तुळाचे होते.

आता नजर खाली आणू. ससानी घराण्याचा संस्थापक अर्दशीर याने इसवी सन 224 मध्ये पार्थियन राजा अर्दवानाचा पराभव केला. शिल्पात तो घोड्यावर बसून अहुर मज्द या देवाकडून सत्तेचे कडे घेत आहे. देवही घोड्यावर. दोन्ही घोड्यांच्या टापांखाली एकेक शत्रू पडला आहे: राजाच्या घोड्याखाली अर्दवान, देवाच्या घोड्याखाली अहरिमन. तीन भाषांतल्या छोट्या लेखात अर्दशीर स्वतःला एरानचा राजाधिराज म्हणवतो. ‘एरान’ हे नाव कोरलेले आढळते अशा सर्वांत जुन्या जागांपैकी ही एक. लक्षात घ्यावे असे, की हे घराणेही पार्समधलेच. मातीने पार्स असलेल्या राजाने राज्याला नाव दिले ते मोठे.

अर्दशीरचा मुलगा पहिला शापूर याने समोरच्या चौकोनी मनोऱ्यावर, इसवी सन 260 नंतर केव्हातरी, मध्य फारसी, पार्थियन आणि ग्रीक भाषांत आपला दीर्घ लेख कोरवला. तो स्वतःला एरानशहरचा स्वामी म्हणतो आणि मग प्रांत मोजतो. पहिला प्रांत पार्स, दुसरा पार्थिया. डरायसच्या यादीबाहेर असलेला पार्स साडेसातशे वर्षांनी यादीच्या आत आला. पहिला मान राखून, पण आत. माझ्या दृष्टीने हा या कड्यावरचा सर्वांत अर्थपूर्ण बदल आहे. ग्रीक पाठातही ‘पर्सिस’ हा एक प्रांत आहे आणि राज्य ‘आरियानां’चे. दोन नावांमधला फरक ग्रीक अक्षरांतसुद्धा नीट मांडून ठेवला होता. पश्चिमेने तो वाचला नाही. ग्रीकांची पहिली गाठ पडली होती कुरूश आणि डरायस या हखामनी राजांच्या पार्सांशी. त्या प्रांताचे नाव त्यांनी साऱ्या साम्राज्याला दिले आणि लॅटिनमधून ते इंग्रजीत उतरले.

कड्याचे आजचे नाव मात्र या कोणत्याही राजाचे नाही. शिल्पांतले वीर पुढच्या पिढ्यांना दंतकथेतल्या रुस्तमसारखे वाटले, म्हणून हे रुस्तमचे चित्र. रुस्तम सीस्तानचा, त्याची आई रूदाबा काबूलची. त्याची कथा ‘शाहनामा’त अमर करणारा फिरदौसी खुरासानातल्या तूसचा. 1010 मध्ये पुरे झालेल्या त्या काव्याची भाषा फारसी आहे आणि त्याचा विषय इराण. पार्समधला कडा सीस्तानच्या वीराचे नाव मिरवतो, यात दोन्ही शब्दांचे नाते जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येने होत नाही.

म्हणून 1935 च्या नवरोजपासून परदेशांनी ‘इराण’ म्हणावे, असे रझा शाहच्या सरकारने कळवले तेव्हा कोणतेही नवे नाव जन्माला आले नाही. देशात पूर्वीपासून चालत आलेले नाव बाहेरच्यांना सांगितले गेले, एवढेच. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी त्याच वर्षी अँग्लो-इराणियन झाली. 1959 मध्ये दोन्ही नावे चालतील अशी मुभा मिळाली. इराणविद्येचे अभ्यासक एहसान यारशातेर यांना ‘पर्शिया’ मागे पडल्याची खंत होती. त्या शब्दाबरोबर येणारी कवितेची, चित्रांची, बागांची आठवण तुटते असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. तरीही त्यांनी उभारलेल्या महाकोशाचे नाव ‘एन्सायक्लोपीडिया इरानिका’ आहे, कारण त्यात कुर्दी, सुग्दी, ओसेतीही आहेत, आणि त्यांना सामावून घेण्याएवढे अंग ‘पर्शियन’ला नाही.

उलट बाजूने पाहिले तर ‘इराणियन’ही सगळीकडे पुरत नाही. काबूलचा दरी बोलणारा आणि दुशान्बेचा ताजिक फारसीचे वारस आहेत, इराणचे नागरिक नाहीत. दिल्लीत बसून फारसी दिवाण लिहिणारा गालिबही इराणी नव्हता. आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला प्रसिद्ध अर्दबील गालिचा जगभर ‘पर्शियन’ म्हणून ओळखला जातो, पण ज्या गावाचे नाव त्याला मिळाले ते आज तुर्की भाषाकुळातली अझरी बोलणाऱ्यांचे आहे. त्यावर विणलेल्या ओळी मात्र हाफिजच्या, म्हणजे शिराझच्या.

मराठीला हा फरक पूर्वीपासून अवगत आहे. भाषा ती फारसी. माधव जूलियन यांचा 1925 चा कोश ‘फार्सी-मराठी’च आहे. शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले ते पारशी, एकोणिसाव्या शतकापासून यझ्द आणि केरमानकडून मुंबईत आले ते इराणी. दोघांचा धर्म जरथुश्त्री असला, तरी मुंबई-पुण्यात कोणी पारशी रंगभूमीला इराणी म्हटले नाही, की कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलला पारशी.

तेव्हा इंग्रजीत लिहिताना आपणही डरायसचा क्रम पाळावा. भाषा, तिचे साहित्य आणि त्या भाषेत जन्मलेले लोक यांना ‘पर्शियन’ म्हणावे, आणि देश, त्याचे सारे नागरिक, त्यांचा सिनेमा, त्यांचे राजकारण यांना ‘इराणियन’. दिग्दर्शक किआरोस्तामीचा चित्रपट इराणियन आहे आणि त्यातले संवाद पर्शियन. तब्रीझच्या अझरी माणसाला किंवा सनंदजच्या कुर्दाला ‘पर्शियन’ म्हणणे ही चूक आहे, आणि इराणमधल्या सौंदर्याला ‘पर्शियन’ व संकटाला ‘इराणियन’ म्हणणे हा अन्याय आहे.